लुदोविनाचं ताट, बेल्शिओरची सुरई

लुदोविनाच्या खानावळीत काय पिणार, असं कोणी कोणाला विचारत नाही. ताटात भाजलेल्या तारल्या पडल्या की विहिरीत गार केलेली लाल वाइन समोर येते, शिंपल्यातल्या तिसऱ्या पडल्या की पांढरी, आणि शेवटी अंजीर-बदामाची वडी आली की तिच्यासोबत गोड मस्कतेल वाइनचा बोटभर पेला. गिऱ्हाइकाने तोंड उघडायचं ते फक्त घास घालायला. एकदा आमच्या फादरांनी तिसऱ्यांबरोबर लाल वाइन मागितली. लुदोविनाने वाइन आणून ठेवली आणि तिसऱ्या उचलून नेल्या.

"अगं, मी या गावचा पाद्री आहे," फादर म्हणाले.

"म्हणूनच तर. तिसऱ्यांवर लाल प्यायली की तोंडात लोखंडी किल्ली धरल्यासारखं लागतं. त्या तोंडाने तुम्ही आमच्यासाठी प्रार्थना करणार?"

फादरांनी निमूटपणे पांढरी घेतली. पुढच्या रविवारी प्रवचन हट्टीपणावर होतं, आणि लुदोविना पहिल्या बाकावर बसून मान डोलावत होती, जणू काही ते दुसऱ्याच कोणाबद्दल चाललं होतं.

मी कुस्तोदिया, तिची शेजारीण. माझ्या घराची मागची भिंत म्हणजे तिच्या स्वयंपाकघराची भिंत. कांदा ती कापते आणि डोळे माझे चुरचुरतात. तरुणपणी मी बंदरावर तारल्या डब्यांत भरायच्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडला, पण हातांचा वास गेला नाही. आता तिच्याकडे लसूण सोलते, कोथिंबीर निवडते आणि जे दिसतं ते लक्षात ठेवते. लोक याला चोंबडेपणा म्हणतात. म्हणू देत. मी नसते तर ही गोष्ट तुम्हाला कोण सांगणार होतं?

लुदोविनाचा बाप खाडीच्या चिखलात गुडघाभर उभा राहून तिसऱ्या काढायचा. ही त्याच्या पाठीमागे टोपली धरून. जीभ तिला तिथेच मिळाली असणार, कारण कुठल्या चिखलातली तिसरी आहे हे ती उकडायच्या आधी वासावरून सांगते. पुढे तिचं लग्न खानावळवाल्या पोलिकार्पुशी झालं. माणूस सोन्यासारखा, पण चव म्हणून काही नाही. तारल्यांवर गोड मस्कतेल ओतून देणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. त्याला देवाने लवकर नेलं. लुदोविना महिनाभर रडली, मग डोळे पुसले, डोक्याला काळा रुमाल बांधला आणि आसपासच्या एकूण एक द्राक्षमळ्यात पायी जाऊन आली. प्रत्येकाच्या तळघरात बसून एक घोट घ्यायची आणि विचारायची, "याच्याबरोबर तुम्ही खाता काय?"

"भाकरी," मळेवाले सांगायचे.

ही कपाळाला हात लावायची आणि पुढच्या मळ्याची वाट धरायची.

आता संत मार्तिन्यूच्या दिवसाबद्दल सांगते. नोव्हेंबर लागलेला असतो, तरी आमच्याकडे ऊन पाठ भाजत असतं, आणि त्या दिवशी नव्या वाइनची पिंपं उघडतात. शेजारच्या गावांत लोक एका तळघरातून दुसऱ्या तळघरात झिंगत हिंडतात. आमच्याकडे असली बेशिस्त नाही. आम्ही एका जागी बसून झिंगतो. प्रत्येक मळेवाला आपली एक सुरई सकाळी लुदोविनाकडे आणून ठेवतो. ती प्रत्येकीतला एक घोट घेते आणि त्या वाइनला साजेल असा पदार्थ रांधते. दुपारी अंगणात टेबलं लागतात. एका टेबलावर एक सुरई आणि तिचा तो पदार्थ, वर खडूने मालकाचं नाव. गाव खातं, पितं, या टेबलावरून त्या टेबलावर जातं. फक्त आपल्या सुरईतली आपण प्यायची नाही, नाहीतर प्रत्येक जण स्वतःच पिऊन जिंकेल. ज्याची सुरई सर्वांत आधी रिकामी होईल त्याच्या नावाने लॉरेलची डहाळी खानावळीच्या दारावर टांगायची, आणि वर्षभर त्याची वाइन इथे मानाने ओतायची. एकदा आणून ठेवलेली सुरई परत नेता येत नाही, बदलताही येत नाही.

मळेवाल्या बेल्शिओरची सुरई कधीच रिकामी झाली नाही. त्याची वाइन वाईट होती असं नाही. फार चांगली होती, हेच तिचं दुखणं. बाकीचे लोक द्राक्षं वेळेवर तोडतात. हा ती वेलीवरच मनुका व्हायला आल्याशिवाय कात्री हातात घेत नाही. वर साली रसात इतक्या मुरवतो की वाइन डांबरासारखी काळी होते. तिचा एक पेला घेतला की माणूस प्रेमाने भिंतीला टेकतो, आणि दुसरा पेला घ्यायला कोणी उभाच राहत नाही. तिकडे अनिसेतुची वाइन म्हणजे आमच्या नेग्रा मोल द्राक्षांची, फिकट लाल, हसत खेळत पोटात उतरणारी. ती बघता बघता तळाला जायची. डहाळी दर वर्षी अनिसेतुची. त्याच्या मिशांना पीळ होता तो त्या डहाळीचाच.

"बेल्शिओर, जरा हलकी कर रे तुझी वाइन," असं कोणी म्हणालं तर बेल्शिओर ताडकन उठायचा. टोपी डोक्यावर घालायचा आणि निघून जायचा. 'हलकी' हा शब्द त्याला आईवरून दिलेल्या शिवीसारखा लागायचा.

अशाच एका वर्षी, हरल्यावर, तो अंगणातल्या बाकावर चढला. स्वतःची सोडून सगळ्यांची वाइन प्यायला होता.

"गाववाल्यांनो, ऐका! ज्या दिवशी माझी डहाळी या दारावर लागेल, त्या दिवशी मी लुदोविनाला लग्नाचं विचारीन! त्याआधी विचारलं तर नावाचा बेल्शिओर नाही!"

तो तिला विचारणार आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं. लुदोविनालाही नव्हतं. ती आत कांदा परतत होती. तिच्या हातातून पळी पडली, ती उचलायला मी वाकले आणि वर बघितलं तर बाईचा चेहरा लग्नाच्या पोरीसारखा लाल. कांदा करपला. लुदोविनाच्या हातून काही करपलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

तेव्हापासून दोघांचं जे काही चाललं त्याला तुम्ही प्रेम म्हणा, मी तर डोकेदुखी म्हणते. तो रोज दुपारी यायचा, अंजिराच्या झाडाखालच्या टेबलावर बसायचा, जेवायचा आणि जाताना सांगायचा, "मीठ बरोबर आहे." संपलं त्याचं प्रेम. ही माशाच्या गालाचा मऊ तुकडा त्याच्यासाठी बाजूला काढायची आणि आम्हाला सांगायची, की मांजराने खाल्ला. आमच्या खानावळीत मांजर नाही.

आणि दर संत मार्तिन्यूला ती त्याच्या काळ्या वाइनसाठी पदार्थ शोधायची. एका वर्षी बकऱ्याची कलेजी केली. एकदा रक्ताची सॉसेजं. एकदा डुकराच्या मांसात तिसऱ्या घातल्या, आपलाच नियम मोडून, आणि स्वतःवरच चिडली. पदार्थ फस्त व्हायचे. लोक एक पेला घ्यायचे, डोळे मिटून "वा, काय वाइन आहे!" म्हणायचे आणि भिंत गाठायचे. सुरई अर्धीच राहायची.

"अगं, तूच विचार ना त्याला," मी एकदा वैतागून म्हणाले.

"त्याने गावासमोर शब्द दिलाय, कुस्तोदिया. मी विचारलं तर हो म्हणेल. मग जन्मभर मान खाली घालून माझ्यासमोर जेवेल. मला नवरा हवाय, हरलेला पाहुणा नकोय."

"मग त्याला सांग, द्राक्षं लवकर तोड म्हणून."

"सांगितलं."

"मग?"

"आठवडाभर जेवायला आला नाही."

या सगळ्यात एकच बाई खूश होती, ती म्हणजे बेल्शिओरची आई, एफिजेनिया काकी. वय नव्वदीकडे झुकलेलं, पण जीभ अजून विशीत. लुदोविनाचं नाव ती घेत नसे; "ती खानावळवाली" म्हणायची. कारण जुनं होतं. चर्चच्या कुठल्याशा सणाला काकीने मक्याचा घाटा केला होता, तिसऱ्या घालून, आणि तरुण लुदोविनाने चव घेऊन सगळ्यांदेखत विचारलं होतं, "काकी, तिसऱ्या छान आहेत. पण या गुठळ्या कशाच्या?" झालं. पोलिकार्पु वारला, राज्यं बदलली, कारखाने बुडाले, पण त्या गुठळ्या काकीच्या गळ्यातून खाली उतरल्या नाहीत. शिवाय दुसरंही एक होतं, ते ती चर्चच्या पायरीवर दर रविवारी बोलून दाखवायची: "पोरगा तिकडे राहायला गेला तर रात्री माझ्या पायांना गरम पाणी कोण देणार?" हे बोलताना मात्र तिचा आवाज खरंच बारीक व्हायचा.

तर गेल्याच्या गेल्या वर्षी बेल्शिओर साठीचा झाला. उन्हाळ्यात एक दिवस जेवून उठला, मीठ बरोबर आहे म्हणाला, आणि नेहमीसारखा गेला नाही. टोपी हातात फिरवत उभा राहिला.

"लुदोविना, यंदा शेवटची सुरई. यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षीपासून मी आणणार नाही."

ती म्हणाली, "बरं." तो गेल्यावर तिने सगळी भांडी पुन्हा एकदा घासली, स्वच्छ असलेलीसुद्धा. सुरई नाही म्हणजे डहाळी नाही, आणि डहाळी नाही म्हणजे तो प्रश्न कधीच नाही. एवढं मलाही कळत होतं.

तिने डोंगरातल्या शिकाऱ्याला सांगून रानडुकराची तंगडी मागवली. काळ्या वाइनला टक्कर देईल असं जनावर दुसरं नाही, असं तिचं म्हणणं. दोन दिवस आधी लसूण, तमालपत्र आणि वाइनमध्ये घालून मुरत ठेवली. मी म्हणाले, "डुक्कर खाऊन लोक अजून लवकर झोपतील." तिने ऐकलं नाही. माणूस प्रेमात पडला की त्याची जीभसुद्धा खोटं बोलते.

आणि नेमकं त्या आठवड्यात बेल्शिओरच्या कमरेत उसण भरली. जिना उतरून तळघरात जाणं त्याला शक्य नव्हतं. आई म्हणाली, "तू पडून राहा, सुरई मी भरते." त्याला वाटलं, म्हातारी शेवटी विरघळली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे.

संत मार्तिन्यूच्या सकाळी काकी गाढवावर बसून आली, सुरई मांडीवर पोरासारखी धरलेली. स्वयंपाकघरात ठेवली, माझ्याकडे बघून गोड हसली. काकी मला बघून हसली तेव्हाच मला संशय यायला हवा होता. मग ती अंगणात जाऊन उन्हात बसली, जपमाळ काढून.

लुदोविनाने एकेक सुरई चाखली. अनिसेतुची चाखून म्हणाली, "छान. मेल्याची दर वर्षी छानच असते." बेल्शिओरची शेवटी ठेवली. नेहमी ती चाखण्याआधी ओट्याला एका हाताने धरते, म्हणजे पाय गेले तर आधार असावा. तसं धरून घोट घेतला. मग हात सुटला. तिने डोळे उघडले, पेल्यात बघितलं आणि पेला माझ्यापुढे केला.

पेल्यातून पलीकडची खिडकी दिसत होती. बेल्शिओरच्या वाइनमधून आजवर विस्तवसुद्धा दिसला नव्हता. मी घोट घेतला. आंबट, गार, जिभेवर चुरचुरणारं.

"अगं बाई! ही तर पायवणी!"

पायवणी म्हणजे, वाइन काढून घेतली की पिंपात जो चोथा उरतो, त्यावर पाणी ओतून पुन्हा पिळतात ती. तोडणीचे मजूर भाकरीबरोबर पितात. घरोघरी म्हाताऱ्या करतात, बेल्शिओरकडे काकी करते. उन्हात तहान भागवायला बरी, पण पाहुण्यापुढे ठेवायची नाही. आणि संत मार्तिन्यूच्या टेबलावर ठेवायची म्हणजे अंगावर चोळीही न घालता चर्चला जाण्यासारखं.

लुदोविना उपड्या बादलीवर बसली. "म्हातारीने मुद्दाम भरली. आज त्याचं नाव खडूने लिहायचं आणि खाली ही ठेवायची. गाव मरेपर्यंत हसेल. तो पुन्हा इथे पाय ठेवणार नाही."

"मग सांग सगळ्यांना! म्हातारीचं सोंग उघडं पाड!"

"सांगितलं तरी सुरई बदलता येत नाही. आईने केलं हे कळलं तर तो लोकांच्या हसण्यापेक्षा त्यानेच मरेल." ती बाहेर बघत राहिली. अंगणात काकी मणी सरकवत होती आणि पायाने ठेका धरत होती. लुदोविनाच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं, मी बघितलं. मग तिने पेला पुन्हा उचलला, उरलेला घोट तोंडात घोळवला, आणि तिची भुवई वर गेली. ती भुवई मी ओळखते. बापासोबत चिखलात उभ्या राहणाऱ्या पोरीची ती भुवई.

"कुस्तोदिया," ती म्हणाली, "खारवलेला कुपा काढ."

"किती?"

"सगळा."

खारवून वाळवलेला कुपा मासा म्हणजे आमच्याकडचं सोनं, पातळ कापून ऑलिव्हच्या तेलात घालतात. मीठ असं की एका फोडीला एक पेला लागतोच. त्यासोबत तिने चेस्टनट जाड्या मिठात भाजायला टाकले, छोटे मासे मिठाने माखून कुरकुरीत तळले, आणि हिरव्या मिरचीची एक वाटी अशीच, सहज म्हणून, मधे ठेवली. हे सगळं बेल्शिओरच्या टेबलावर.

"आणि रानडुक्कर?" मी विचारलं.

"अनिसेतुला. सोबत उकडलेली रताळी, आणि वर भाकरी. भरपूर. चांगला माणूस आहे, त्याला चांगलं जेवण मिळायला नको?"

"लुदोविना, हे पाप आहे."

"पाप कसलं, स्वयंपाक आहे."

दुपारी गाव आलं. आधी अर्थातच सगळे रानडुकराकडे धावले. असा वास दर वर्षी येत नाही. रस्सा, रताळी, भाकरी. माणसं बसली ती बसलीच. तोंड भरलेलं, पोट भरलेलं, अनिसेतुची बिचारी नाजूक वाइन त्या रश्श्यापुढे पाण्यासारखी लागायला लागली. एक-दोघांनी पेला अर्धा ठेवला. अनिसेतु टेबलाशी उभा राहून म्हणत होता, "प्या की! नुसतं खाताय काय?"

तिकडे ज्यांना डुकराशेजारी जागा मिळाली नाही ते कुप्याच्या टेबलाशी गेले. एक फोड खाल्ली, घसा सुकला. घाबरत घाबरत बेल्शिओरची वाइन ओतली, भिंत जवळ आहे ना ते पाहिलं, प्यायले. आणि उभेच राहिले.

"अरे! ही तर उतरतेय की!"

"बेल्शिओरने ऐकलं शेवटी!"

"कुपा सरकव जरा इकडे."

एकाने चेस्टनट खाल्ला, दोन पेले घेतले. दुसऱ्याने मासा खाल्ला, चुकून मिरची खाल्ली, तीन घेतले. मी ताटं घेऊन फिरत होते. जुना सुतार तेओतोनियु, ज्याने आयुष्यभर तोडणीला जाऊन पायवणीच प्यायली, त्याने ओठ चाटले, पेला उन्हात धरला आणि म्हणाला, "लुदोविना, ही मला कशाची तरी आठवण..."

तिने त्याच्या उघड्या तोंडात कुप्याची फोड कोंबली. "तरुणपणाची," ती म्हणाली. तेओतोनियुने तिच्याकडे बघितलं, चावलं, आणि पेला पुढे केला.

किती जणांनी ओळखलं देव जाणे. माझं मत विचाराल तर निम्म्यांनी. पण घसा सुकलेला, पेला गार, आणि इतकी वर्षं वाट बघून गावालाही लग्न हवंच होतं. कोण बोलणार?

भिंतीशी बसलेल्या काकीच्या हातातली जपमाळ थांबली होती. तिने मला जवळ ओढलं. "हे पितायत काय मेले! थुंकत का नाहीत?"

"आवडतेय त्यांना, काकी."

"आवडतेय?" ती म्हणाली. एका डोळ्यात राग आणि दुसऱ्यात भलतंच काही चमकलं. "किती आवडतेय?"

तेवढ्यात तेओतोनियुने बेल्शिओरची सुरई उपडी केली. एक थेंब पडला आणि संपलं. अंगणात आरडाओरडा झाला. बेल्शिओर काठी टेकत फाटकातून आत येत होता. कमर दुखते म्हणून त्याला उशीर झालेला. लोकांनी त्याला अर्धवट उचललंच.

"थांबा!" अनिसेतुने मिशा पुसल्या. पायवणीचा एक पेला त्यानेही चाखला होता. "ही वाइन नाही! ही पायवणी आहे! मी पैज लावतो! काय रे बेल्शिओर, तूच सांग. तुझा शब्द मी मानीन. ही तुझी वाइन आहे?"

मी स्वयंपाकघराच्या दारात लुदोविनाजवळ जाऊन उभी राहिले. बेल्शिओरने टेबलावरचे पेले पाहिले. तळाशी उरलेले थेंब गुलाबी, पलीकडचं लाकूड दिसणारे. आपली वाइन न ओळखणारा मळेवाला जगात नाही. त्याने सुरई उचलली आणि नाकाशी नेली. इतका वेळ हुंगत राहिला की लुदोविनाने माझं मनगट धरलं. बाईच्या हातात इतका जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. "ही माझी नाही" एवढं म्हणायचा अवकाश होता. त्याचा अभिमान शाबूत राहिला असता, आणि बाकी सगळं संपलं असतं.

त्याने आईकडे पाहिलं. काकीने मान खाली घातली. मग त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, जिथे पिठाने भरलेला एप्रन धरून लुदोविना उभी होती.

"माझीच आहे," तो म्हणाला. त्याला ते शब्द काढायला फार जड गेलं, ते आम्हा सगळ्यांना दिसलं. "यंदा जरा हलकी झाली."

बेल्शिओरच्या तोंडून तो शब्द आयुष्यात पहिल्यांदा बाहेर पडला होता, आणि तोही स्वतःच्या वाइनसाठी. तेओतोनियुने टोपी काढली. मला सरळ रडू आलं. सांगायला लाज कसली?

अनिसेतु मात्र पिच्छा सोडेना. "काकी, सुरई तुम्ही भरलीत. तुम्ही सांगा!"

काकी काठी आपटून उभी राहिली. "माझ्या पोराच्या तळघरातली आहे! माझ्या हाताने भरलीये! आणि त्यात एक थेंब बाहेरचा असेल तर माझी जीभ झडो!" सगळंच खरं होतं. मग अनिसेतुकडे बोट करून म्हणाली, "आणि वाइनला नावं ठेवायची नाहीत. बनवायला अक्कल लागते."

अनिसेतु हसला. मनाने तो वाईट नव्हताच, आणि पोट रानडुकराने भरलेलं होतं. "बरं बाबा. हरलो," तो म्हणाला. "पण बेल्शिओर, आता बाकावर चढ आणि विचार एकदाचं!"

बाकावर चढणं कमरेमुळे शक्य नव्हतं. तो काठी टेकत लुदोविनासमोर जाऊन उभा राहिला. टोपी काढली. तोंड उघडलं.

"मीठ..." तो म्हणाला.

"जास्त होतं," लुदोविना म्हणाली. "माहितीये मला. पुढे बोल."

"माझ्याशी लग्न..."

"करते!" ती म्हणाली, त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत, आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडली. त्याच्या कोटावर पीठ लागलं. तो ते झटकेना.

संध्याकाळी तेओतोनियुने शिडी लावून डहाळी दारावर टांगली. लोक नाचत होते, आणि अनिसेतुची सुरई आता कुठे रिकामी होत होती. काकी कोपऱ्यात एकटी बसली होती. तिची पायवणी जिंकली होती, साऱ्या गावाने चाटून पुसून प्यायली होती, आणि हे ती जगात कोणाला सांगू शकत नव्हती. मी लसणीची टोपली घेऊन तिच्या पाठीमागेच होते, म्हणून पुढचं ऐकलं.

लुदोविना आली आणि तिच्याशेजारी बसली. "चुलीच्या भिंतीला लागून एक खोली आहे," ती म्हणाली. "तुमचं सामान उद्या आणा. तिथे पाणी दिवसभर गरम असतं, आणि पाय मी धुऊन देईन."

लुदोविनाने एप्रनखालून लॉरेलचा एक लहानसा शेंडा काढला, मोठ्या डहाळीचाच तोडलेला, आणि काकीच्या काळ्या रुमालात खोचला.

"हे कशाला?"

"डहाळी जिंकणाऱ्याची असते, आई."

काकीने इकडेतिकडे पाहिलं. मी टोपलीत तोंड घातलं. मग तिने हात वर नेऊन रुमालातला शेंडा चाचपला, नीट बसवला आणि लुदोविनाकडे न बघता बारीक आवाजात विचारलं, "माझ्या पायवणीत गुठळ्या नव्हत्या ना कुठे?"

"एकसुद्धा नव्हती," लुदोविना म्हणाली.